कोरड्या धुलाईचं पेटंट

तेलाचा डाग नुसत्या पाण्यानं जात नाही, हे आपल्या आज्यांना पेटंट न घेताही ठाऊक होतं. सुती कपडा असेल तर फारसं बिघडत नाही. साबण लावा, आपटा, उन्हात टाका. पण कोट लोकरीचा असेल तर? गरम पाण्यात चोळला की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकतात, कोट आटतो आणि वर रंग फुटतो तो वेगळाच. म्हणजे डाग जायच्या आधी कोटच जायचा!

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या थॉमस जेनिंग्स नावाच्या शिंप्याकडे गिऱ्हाइकं नेमकी हीच तक्रार घेऊन यायची. चांगले महागाचे कपडे, पण डाग पडले की बाद. त्यानं बरेच प्रयोग केले आणि एक पद्धत बसवली. ३ मार्च १८२१ रोजी त्याला तिचं पेटंट मिळालं. नाव होतं 'ड्राय स्काउअरिंग', म्हणजे आपल्या भाषेत कोरडी धुलाई. ड्रायक्लीनिंगची गोष्ट सांगताना सहसा पॅरिसच्या जोली नावाच्या गृहस्थाचं नाव घेतात. दिव्याचं तेल टेबलक्लॉथवर सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी ती कथा. कथा छान आहे, पण जेनिंग्सचं पेटंट त्याच्याही आधीचं.

आता खरी गंमत. जेनिंग्स कृष्णवर्णीय होता. अमेरिकेत पेटंट मिळालेला पहिला कृष्णवर्णीय माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो जन्मानं स्वतंत्र होता म्हणून हे जमलं. गुलामाच्या शोधाला पेटंट नाही, ते ना गुलामाला मिळेल ना त्याच्या मालकाला, असं १८५८ साली अमेरिकन सरकारच्या ॲटर्नी जनरलनं लेखी सांगून टाकलं. खुद्द न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी पूर्ण संपायला १८२७ साल उजाडलं.

आणि ती पद्धत? ती गेली. १५ डिसेंबर १८३६ रोजी वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसला आग लागली आणि सुमारे दहा हजार पेटंटांची कागदपत्रं जळाली. मग सरकारनं पेटंटधारकांकडूनच प्रती मागवून जमतील तेवढी पेटंटं पुन्हा उभी केली. ती भरली तीन हजारांच्याही आत. (बॅकअप कुठे असावा यावर आमच्या धंद्यातले लोक तासन्‌तास मीटिंगा करतात, त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.) जेनिंग्सचं पेटंट न सापडलेल्यांपैकी. त्यामुळे त्याच्या बाटलीत काय होतं हे कोडं ते कोडंच राहिलं.

पैसा मात्र चांगला मिळाला आणि तो गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गेला. १६ जुलै १८५४ रोजी त्याची मुलगी एलिझाबेथ चर्चला निघाली होती. ती तिथे ऑर्गन वाजवायची. घोड्यांच्या ट्राममधून तिला कंडक्टरनं ओढून खाली उतरवलं, का तर डबा गोऱ्यांचा. बाप गप्प बसला नाही. लोकांना आवाहन करून पैसे जमवले, कंपनीवर खटला भरला. वकील मिळाला तो जेमतेम पंचविशीतला, नाव चेस्टर आर्थर. हाच पुढे १८८१ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला! १८५५ साली निकाल एलिझाबेथच्या बाजूनं लागला आणि २२५ डॉलर भरपाई मिळाली. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

पण दोनच वर्षांनी, १८५७ साली, ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आफ्रिकी वंशाचा माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. जेनिंग्स १८५९ साली वारला, म्हणजे हे ऐकायला तो जिवंत होता. त्याच्या घरी ते पेटंटपत्र सोनेरी चौकटीत लावलेलं होतं. खाली जॉन क्विन्सी ॲडम्सची सही, आणि मजकुरात थॉमस जेनिंग्सच्या नावापुढे शब्द होते, 'अमेरिकेचा नागरिक'.