इंजिनाच्या पोटांतील टोप्या

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत १९६४ व १९६५ सालीं फोर्ड कंपनीच्या जीटी-४० गाड्यांपैकीं एकही शेवटपर्यंत टिकली नाहीं. १९६६ च्या जूनमध्यें मात्र पहिले तिन्ही क्रमांक याच जातीच्या गाड्यांनीं मिळविले. ब्रूस मॅक्लॅरेन व क्रिस एमन या विजयी चालकांचीं नांवें सर्वतोमुखीं झालीं. परंतु त्यांच्या सात लिटरच्या इंजिनाचें बळ कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागीं होतें.

इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, त्यांत पांच बेअरिंगांवर फिरे. प्रत्येक बेअरिंगला खालून एक लोखंडी टोपी धरून ठेवी. सामान्य इंजिनांत ही टोपी उभ्या बोल्टांनींच आवळलेली असते. पण वेग वाढला कीं दांड्याचे हिसके आडवेही बसतात. टोपी केसभर सरकली तरी तेलाचा पातळ थर तुटून धातूवर धातू घांसूं लागतो. म्हणून मधल्या तीन टोप्यांना ब्लॉकच्या खालीं उतरलेल्या भिंतींतून आडवे बोल्टही घातले. टोपी व भिंत यांमधील फट मोजून तींत नेमक्या जाडीचा तुकडा बसवावा लागे. नाहींतर बोल्ट आवळतांना भिंतच आंत ओढली जाण्याचें भय. मागच्या टोपीच्या दोन्ही कडांना तेल गळूं नये म्हणून सीलच्या पट्ट्या असत. शिवाय टोप्या ब्लॉकला जोडूनच भोंक कोरलेलें असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी चालत नसे.

चोवीस तासांची कसोटी रस्त्यावर लागली खरी. तिची तयारी मात्र कारखान्यांत, मोजपट्टी हातीं घेऊन, आधींच झाली होती.