बाटलीत आपण नेमकं काय विकत घेतो? शॅम्पेन, टाकी आणि वेळ

लग्न, नवी नोकरी, ३१ डिसेंबर. अशा प्रसंगी दुकानात उभं राहून तुम्हीही हा हिशेब केला असेल: एक बाटली सात-आठ हजारांची, तिच्या शेजारची हजार-बाराशेची. बुडबुडे दोन्हीत. मग फरक कशाचा? आणि स्वस्त ती 'नकली' का? अन्नपदार्थांच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न फार आवडतो, कारण या किमतीमागे तीनशे वर्षांची गोष्ट आहे.

आधी एक दंतकथा बाजूला ठेवू. दों पेरिन्यों या साधूने शॅम्पेनचा 'शोध' लावला, हे खरं नाही. १६६८ पासून तो ओव्हिलेच्या मठात तळघर सांभाळायचा. द्राक्षांची निवड आणि मिश्रण यात तो वाकबगार होता, पण बुडबुडे त्याच्या काळात दोष मानले जायचे. उलट १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट याने निबंध सादर केला. इंग्लंडमधले व्यापारी वाईनमध्ये साखर आणि काकवी घालून ती फसफसती करतात, असं त्यात नोंदवलेलं आहे. इंग्रजांकडे कोळशाच्या भट्टीत बनलेली जाड, मजबूत काच होती. तो दाब सहन करणारी बाटली आधी त्यांच्याकडे आली.

आणि दाब थोडाथोडका नाही. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होतं, वायू बाहेर जाऊ शकत नाही आणि आत पाच-सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त! सुरुवातीच्या काळात तळघरात बाटल्या धडाधड फुटायच्या आणि कामगार लोखंडी मुखवटे घालून काम करायचे. १८१० च्या दशकात विधवा क्लिको हिच्या तळघरात बाटल्या उलट्या लावून, रोज थोड्या थोड्या फिरवून गाळ तोंडाशी आणायची पद्धत बसली. १८३० च्या दशकात फ्रांस्वा नावाच्या औषध-विक्रेत्याने साखरेचं नेमकं माप ठरवलं, तेव्हा फूटतूट कमी झाली. म्हणजे बघा, जुन्या किमतीत फुटलेल्या बाटल्या होत्या, हातांची मेहनत होती आणि वाट पाहणं होतं.

हे सगळं टाळता येईल का? इटलीत फेदेरिको मार्तिनोत्तीने १८९५ मध्ये उत्तर दिलं: दुसरं आंबवण बाटलीत नको, मोठ्या बंद टाकीत करा. १९०७ मध्ये फ्रान्सच्या यूजीन शार्माने ती पद्धत सुधारली. आजची बहुतेक प्रोसेको अशीच बनते, काही आठवड्यांत. शॅम्पेनला मात्र बाटलीबंद झाल्यावर किमान १५ महिने थांबावं लागतं, स्पेनच्या कावाला किमान ९. यीस्टच्या गाळावर राहिल्याने ब्रेडसारखा, खमंग वास येतो. टाकीतल्या वाईनमध्ये फळांचा ताजेपणा टिकतो. एक खरी आणि दुसरी खोटी असं नाही. दोन वेगळ्या चवी आहेत, आणि एकीत वेळेचे पैसे आहेत.

मग 'शॅम्पेन' या नावाचा एवढा आग्रह कशाला? १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतात दंगली झाल्या. पिकं बुडालेली आणि व्यापारी बाहेरची द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकतायत, या संतापात शेतकऱ्यांनी आय् गावात कोठारं जाळली, वाईन रस्त्यावर ओतली. सैन्य बोलवावं लागलं. नावाचं संरक्षण हा त्यांच्यासाठी पोटाचा प्रश्न होता.

आपल्याकडेही या गोष्टीचा एक धागा आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बाटलीतल्या पद्धतीने स्पार्कलिंग वाईन बनवली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशी गेली. कंपनीच्या नावात 'शॅम्पेन इंडेज' होतं, पण बाटलीतली वाईन जुन्नर तालुक्यातली! आज नाशिकची सुला ब्रूट आणि शँडन ब्रूटही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते.

आता व्यवहाराचं. लेबल वाचा. 'ब्रूट' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' नाव असूनही त्याहून गोड असते. 'पारंपरिक पद्धत' लिहिलं असेल तर बाटलीतलं आंबवण. ६ ते १० अंशांवर प्या. फार थंड केली तर वास मरतो, आणि वासाचेच तर आपण पैसे दिलेत. उंच बारीक पेल्यापेक्षा साधा वाईनचा पेला चालतो, बरा चालतो.

आणि प्रमाण. ७५० मिलीच्या बाटलीत जेमतेम पाच-सहा पेले असतात आणि मद्याचं प्रमाण साधारण १२ टक्के. स्वस्त झाली म्हणून जास्त प्यायची, हा हिशेब चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मद्याचं पूर्ण सुरक्षित असं प्रमाणच नाही. गाडी चालवायची असेल तर एक पेलाही नको. न पिणाऱ्याला आग्रह तर मुळीच नको.

पुढच्या वेळी दुकानात उभे राहिलात, की किंमत बघण्याआधी एवढं विचारा: ही टाकीत आंबली की बाटलीत? किती थांबली? कुठल्या द्राक्षांची? उत्तर मिळालं की हजाराची बाटलीही ऐटीत उघडा. आठ हजारांची घ्यायचीच असेल तर निदान कशाचे पैसे देतोय ते माहीत असेल.