पार्ल्याच्या निकालातलं एक वाक्य

‘सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय, हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे.’ टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य कुणीतरी टाकतं, अँकर मान डोलावतो, समोरचा कोर्टालाच नावं ठेवतो. वाक्य आलं कुठून, हे दोघंही सांगत नाहीत. ते आलंय विलेपार्ल्यातून. चर्चगेटहून निघालात तर अंधेरीच्या अलीकडचं स्टेशन.

डिसेंबर १९८७ मध्ये पार्ल्यात विधानसभेची पोटनिवडणूक होती. मुंबईचे तेव्हाचे महापौर डॉ. रमेश प्रभू शिवसेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष उभे होते, समोर काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. बाळासाहेब ठाकरे यांच्या २९ नोव्हेंबर, ९ आणि १० डिसेंबरच्या भाषणांवर पुढे खटला उभा राहिला. हिंदू म्हणून मत द्या, असा भाषणांचा रोख. मुसलमानांबद्दलची भाषा तर इथे छापण्यासारखी नाही. प्रभू जिंकले, कुंटे कोर्टात गेले. धर्माच्या नावानं मत मागणं हा कायद्यानं गैरप्रकार, म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं १९८९ मध्ये निवड रद्द केली.

अपिलाचा निकाल लागला ११ डिसेंबर १९९५ ला. ती विधानसभा केव्हाच संपली होती आणि राज्यात युतीचं सरकार होतं. न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठानं निवड रद्दच ठेवली. वर, मोठ्या नेत्यानं अशी भाषणं करावीत याबद्दल खेदही नोंदवला. आपलं प्रसिद्ध वाक्य याच निकालातलं! म्हणणं एवढंच होतं की हिंदुत्व हा शब्द नुसता उच्चारला म्हणून गुन्हा होत नाही, त्याचा अर्थ जीवनपद्धती असाही होऊ शकतो. वक्ता काय म्हणाला आणि ऐकणाऱ्यांना त्यातून काय कळलं, ते बघायचं. ते बघितलं, आणि पार्ल्याची भाषणं त्यात नापास झाली.

घोळ वाढला तो त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालानं. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांची १९९० ची दादरची निवड याच खंडपीठानं वैध ठरवली. पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल, हे त्यांचं विधान निंद्य असलं तरी ते धर्माच्या नावानं मत मागणं नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं. एक सुटला, एक अडकला; बातम्यांत मात्र दोन्हींचं मिळून ‘हिंदुत्वाचा निकाल’ झालं.

रात्री पान लावायची घाई असते, लांबलचक निकालातून मथळ्यापुरतं एक वाक्य उचललं जातं, हे समजू शकतं. पण तीस वर्षं तेच? आणि हे फक्त हिंदुत्ववाद्यांनी केलं असंही नाही. टीकाकारांनीही त्या वाक्यावर इतके लेख पाडले, की खटल्यात हरलं कोण, हे त्यांच्याही वाचकांना धड माहीत नाही.

ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. तो आदेश निघायलाही जुलै १९९९ उजाडलं, मुदत मात्र डिसेंबर १९९५ पासून धरलेली. दोन महिन्यांत विधानसभेचं मतदान झालं. सरकारचा ‘रिमोट कंट्रोल’ ज्यांच्या हातात असल्याचं पेपर साडेचार वर्षं छापत होते, त्यांना त्या दिवशी मत देता येत नव्हतं.