इश्तवान साबो : सत्ता आणि मुखवट्यांचा चित्रपटकार

हंगेरीचे ज्येष्ठ दिग्दर्शक इश्तवान साबो यांचे नाव जगभरच्या चित्ररसिकांपर्यंत पोहोचले ते १९८१ सालच्या 'मेफिस्टो' या चित्रपटामुळे. पुढच्याच वर्षी या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला हंगेरियन चित्रपट. नाझी राजवटीची मर्जी राखून यशाच्या पायऱ्या चढणाऱ्या एका नटाची ही कहाणी होती. सत्ता कलावंताकडे काय मागते, कलावंत तिला काय देऊन बसतो आणि त्या व्यवहारात माणूस म्हणून त्याचे काय होते, हा प्रश्न साबो यांनी जवळपास चार दशके निरनिराळ्या कथांतून मांडला. हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही दडलेला होता, हे जगाला कळायला मात्र २००६ साल उजाडावे लागले.

वडिलांची सावली

साबो यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९३८ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. मूळचे ज्यू असलेले हे कुटुंब कॅथलिक झालेले होते. वंशाचा हिशेब मांडणाऱ्यांच्या लेखी मात्र या धर्मांतराला किंमत नव्हती. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीत 'ॲरो क्रॉस' या नाझीधार्जिण्या पक्षाच्या हाती सत्ता आली. त्या महिन्यांत सहा वर्षांच्या इश्तवानला लपून राहूनच जीव वाचवावा लागला. त्यांचे वडील डॉक्टर होते. युद्धातून वाचलेले वडील १९४५ साली घटसर्पाने गेले.

वडिलांच्या या पोकळीतून साबो यांचा पहिला महत्त्वाचा चित्रपट जन्माला आला. 'आपा' म्हणजे 'वडील' (१९६६) या चित्रपटातला मुलगा मृत पित्याभोवती शौर्यकथा रचत मोठा होतो. शाळासोबत्यांना तो सांगतो, की आपले वडील क्रांतिकारक होते, त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. तारुण्यात पाऊल टाकल्यावर खऱ्या वडिलांचा शोध घेताना त्याला दिसतो तो एक साधा, सज्जन डॉक्टर. याच चित्रपटात एक मार्मिक प्रसंग आहे. युद्धावरील एका चित्रपटाच्या चित्रीकरणात नायक गर्दीतला नट म्हणून उभा असतो. पुलावरून हाकलल्या जाणाऱ्या ज्यूंमध्ये त्याला उभे केलेले असते. तेवढ्यात दिग्दर्शकाला वाटते, की पहारेकरी कमी पडत आहेत. नायकाच्या हाती बंदूक येते आणि दंडावर ॲरो क्रॉसची पट्टी चढते. क्षणापूर्वीचा बळी क्षणात छळकर्ता होतो. पुढच्या सगळ्या साबो यांचे बीज या एका दृश्यात सापडते. 'आपा'ला १९६७ च्या मॉस्को महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला.

साबो यांनी बुडापेस्टच्या नाट्य व चित्रपट अकादमीत फेलिक्स मारियाश्शी यांच्या हाताखाली दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले. प्रवेशाचे वर्ष होते १९५६. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हंगेरीत उठाव झाला आणि नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्यानंतर यानोश कादार यांच्या राजवटीत अटकसत्र, खटले आणि फाशीच्या शिक्षा सुरू झाल्या. या पिढीची स्वप्ने आणि जखमा 'आल्मोदोझाशोक कोरा' (१९६४), 'सेरेल्मेशफिल्म' (१९७०) आणि 'टूझोल्तो उत्सा २५' (१९७३) या चित्रपटांत येतात. शेवटचा चित्रपट पाडकामाच्या तोंडावर असलेल्या एका जुन्या इमारतीतल्या रहिवाशांच्या आठवणी आणि स्वप्ने यांचा गोफ विणतो. १९७४ साली त्याला लोकार्नो महोत्सवात सुवर्ण बिबळ्या मिळाला.

'मेफिस्टो'चे यश

१९८० च्या 'बिझालोम' म्हणजे 'विश्वास' या चित्रपटापासून साबो स्मृतिचित्रांच्या शैलीतून बाहेर पडून सरळ कथनाकडे वळले. १९४४ च्या बुडापेस्टमध्ये जीव वाचवण्यासाठी दोन अनोळखी व्यक्तींना नवरा-बायको म्हणून एका खोलीत राहावे लागते. भोवती सारेच खोटे असताना एकमेकांवर तरी भरवसा ठेवायचा का, एवढाच या चित्रपटाचा विषय. बर्लिन महोत्सवात त्यासाठी साबो यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. छायालेखक लायोश कोल्तायी यांच्याशी त्यांची जोडी इथेच जमली आणि ती पुढे अनेक चित्रपट टिकली.

'मेफिस्टो'चा आधार होता क्लाउस मान यांची १९३६ सालची कादंबरी. नाझी काळात वैभवाला पोहोचलेले जर्मन नट गुस्ताफ ग्रुंडगेन्स यांच्यावर ती बेतलेली होती. ग्रुंडगेन्स हे एके काळी क्लाउस मान यांच्या बहिणीचे पती होते. पश्चिम जर्मनीत या कादंबरीवर न्यायालयीन बंदी आली होती. १९८१ सालीच ती तिथे पुन्हा छापली गेली. पटकथा साबो यांनी पेटर दोबायी यांच्यासह लिहिली आणि कान महोत्सवात तिला पुरस्कारही मिळाला.

ऑस्ट्रियन नट क्लाउस मारिया ब्रँडाउअर यांनी साकारलेला हेंड्रिक हॉफगेन हा मुळात दुष्ट नाही. तो हुशार आहे, भित्रा आहे आणि टाळ्यांचा भुकेला आहे. डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीत वावरणारा हा नट नाझी सत्तेवर येताच आधी गप्प बसतो, मग हो म्हणतो आणि शेवटी राष्ट्रीय रंगभूमीचा प्रमुख होतो. मित्रांसाठी शब्द टाकण्याचे समाधानही तो मिळवतो. आपण आतून बदललेलो नाही, ही त्याची समजूत त्यामुळे शाबूत राहते. रंगमंचावर सैतान रंगवणाऱ्या या माणसाचा हात हातात घेताना नाझी जनरलला तो फारच मऊ वाटतो. अखेरीस बर्लिनच्या रिकाम्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये प्रकाशझोत त्याचा पाठलाग करतात आणि आपण तर फक्त नट आहोत, एवढेच पुटपुटणे त्याच्या हाती उरते.

'कर्नल रेडल' (१९८५) आणि 'हानुसेन' (१९८८) हे चित्रपटही ब्रँडाउअर यांनाच घेऊन झाले. आल्फ्रेड रेडल हा ऑस्ट्रो-हंगेरियन सैन्याच्या गुप्तचर विभागातला अधिकारी. रशियासाठी हेरगिरी केल्याचे उघड झाल्यावर १९१३ साली त्याने आत्महत्या केली. साबो यांनी इतिहासापासून फारकत घेऊन त्याला गरीब घरातून वर आलेला, सम्राटाशी एकनिष्ठ असलेला माणूस केले. वरिष्ठांना बळीचा बकरा हवा असतो. तो ऑस्ट्रियन नको, हंगेरियन नको, ज्यूही नको. या वर्णनात आपणच बसतो, हे रेडलच्या फार उशिरा लक्षात येते. या चित्रपटाला कानमध्ये ज्युरी पुरस्कार मिळाला. 'रेडल' आणि 'हानुसेन' या दोघांनाही ऑस्करचे नामांकन होते.

राजवट बदलली, प्रश्न तोच

१९८९ साली साम्यवादी राजवट संपली. त्यानंतरच्या धांदलीवर साबो यांनी 'एदेश एम्मा, द्रागा ब्योबे' (१९९२) हा छोटेखानी, कडवट चित्रपट काढला. रशियन शिकवणाऱ्या दोन शिक्षिकांचा विषय एका रात्रीत निरुपयोगी ठरतो. आता त्यांनी इंग्रजी शिकवायचे असते आणि त्यासाठी आधी स्वतः शिकायचे असते. या चित्रपटाला बर्लिनमध्ये विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला.

इंग्रजीतला 'सनशाइन' (१९९९) हा त्यांचा सर्वांत विस्तृत पट. झोननशाइन या ज्यू घराण्याच्या तीन पिढ्यांतील तिन्ही नायक रेफ फाइन्स यांनी रंगवले. पहिली पिढी न्यायाधीशपदासाठी हंगेरियन वाटेल असे 'शोर्श' हे आडनाव घेते. दुसरी तलवारबाजीसाठी धर्म बदलते आणि १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये देशाला सुवर्णपदक मिळवून देते. तरीही छळछावणीत तिचा अंत होतो. तिसरी त्या खुनाचा सूड म्हणून साम्यवाद्यांच्या गुप्त पोलिसांत दाखल होते आणि निरपराधांची चौकशी करू लागते. शेवटचा नायक घराण्याचे मूळ आडनाव परत घेतो, तिथे चित्रपट संपतो.

रोनाल्ड हारवूड यांच्या नाटकावर आधारित 'टेकिंग साइड्स' (२००१) मध्ये नाझी काळात जर्मनी न सोडणारे थोर संगीतसंचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लर यांची युद्धानंतर चौकशी होते. एकीकडे अमेरिकन मेजरचा संताप, दुसरीकडे संगीताचे पावित्र्य. साबो निकाल देत नाहीत. शेवटी ते मूळ चित्रफीत दाखवतात : गोबेल्सशी हस्तांदोलन केल्यावर फुर्टवेंग्लर हळूच रुमालाने हात पुसताना दिसतात.

२००६ चा गौप्यस्फोट

जानेवारी २००६ मध्ये 'एलेत एश इरोदालोम' या बुडापेस्टच्या प्रतिष्ठित साप्ताहिकात आंद्राश गेर्वायी यांचा लेख प्रसिद्ध झाला. साबो हे १९५७ ते १९६१ या काळात, म्हणजे विद्यार्थिदशेत, राज्य सुरक्षा यंत्रणेचे खबरे होते, असे त्यात कागदपत्रांनिशी म्हटले होते. सहाध्यायी, शिक्षक आणि चित्रपट-नाट्य क्षेत्रातील व्यक्तींविषयी त्यांनी ४८ अहवाल दिले होते. त्यांत ७२ जणांचा उल्लेख होता.

साबो यांची पहिली प्रतिक्रिया अशी होती, की उठावात भाग घेतलेल्या एका वर्गमित्राला फाशीपासून वाचवण्यासाठी आपण हे केले आणि ते आपल्या आयुष्यातले सर्वांत धाडसी कृत्य होते. हा खुलासा टिकला नाही. आपल्याला स्वतःलाही वाचवायचे होते, हे त्यांनी नंतर मान्य केले. शंभराहून अधिक लेखक-कलावंतांनी त्यांच्या समर्थनार्थ पत्रक काढले. ज्यांच्याविषयी अहवाल दिले गेले, त्यांतल्या सर्वांना हे समर्थन रुचणे शक्यच नव्हते. इतिहासकार इश्तवान डेआक यांच्या मते, या अहवालांमुळे ठळक नुकसान झाल्याचे एकच प्रकरण दिसते : एका व्यक्तीला पारपत्र नाकारले गेले. अहवाल निरुपद्रवी निघाले, म्हणून ते देणे निरुपद्रवी ठरत नाही. पण १९५७ साली एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे कोणते पर्याय होते, हेही विसरता येत नाही.

या उघडकीनंतर साबो यांचे जुने चित्रपट वेगळे दिसू लागले. मित्रांसाठी शब्द टाकून स्वतःची समजूत घालणारा हॉफगेन, पूर्वाश्रम लपवणारा रेडल, 'सनशाइन'मधला गुप्त पोलीस हे सारे एका दीर्घ कबुलीजबाबाचे तुकडे आहेत, असे अनेकांना वाटले. तर काहींच्या मते हा कबुलीजबाब नव्हताच. कथांच्या आडून केलेली ती स्वतःची वकिली होती. दोन्ही वाचनांना चित्रपटांत आधार सापडतो. कारण साबो आपल्या नायकांना माफ करत नाहीत आणि त्यांचा धिक्कारही करत नाहीत.

उत्तरार्ध

त्यांचे काम थांबले नाही. त्याआधी 'बीइंग ज्युलिया' (२००४) साठी ॲनेट बेनिंग यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. २००६ मध्येच झिग्मोंद मोरित्स यांच्या कादंबरीवरील 'रोकोनोक' प्रदर्शित झाला. माग्दा साबो यांच्या कादंबरीवरील 'द डोअर' (२०१२) मध्ये हेलन मिरेन यांनी करारी मोलकरणीची भूमिका केली. 'झारोयेलेंतेश' (२०२०) मध्ये ब्रँडाउअर पुन्हा परतले, या वेळी खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या वृद्ध डॉक्टरच्या रूपात. २०२१ साली गोव्यात भरलेल्या भारताच्या ५२ व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात साबो आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांना सत्यजित राय जीवनगौरव पुरस्कार जाहीर झाला.

पुरस्कारांची ही यादी मोठी आहे आणि ४८ अहवालांची फाइलही खरी आहे. साबो यांच्या कारकिर्दीची नोंद घेताना यातले एक पान फाडून दुसरे ठेवता येत नाही. भीतीपोटी केलेली छोटी तडजोड माणसाला कुठवर नेते, हे 'मेफिस्टो'इतके बारकाईने दाखवणारे चित्रपट फार थोडे आहेत. त्याच्या दिग्दर्शकाला तो रस्ता ऐकीव माहितीतून ठाऊक झालेला नव्हता.