पाठुंगळीवरचे मूल : मोडनिंबच्या वाटेवरील एका कौतुकाचा इतिहास

माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरील आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील बाजाराचे गाव असल्याने त्याचा इतिहास सहसा बाजार आणि वारी या दोन अंगांनीच सांगितला जातो. याच वाटेने आजारी, अपंग मूल पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठणाऱ्या आईबापांची नोंद मात्र कोणी फारशी ठेवली नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट अंतराच्या रुळांवर धावणारी, म्हणजे नॅरोगेजची, छोटी गाडी होती. ती १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत, १९०६ साली पंढरपूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. हा शेवटचा टप्पा आरोग्याच्या इतिहासात विशेष मोलाचा आहे, कारण मिरजेत विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय तोवर दूरदूरच्या रुग्णांचा आधार झाले होते. ज्या गाडीने वारकरी पंढरीला उतरत, तिचीच वाट आता शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जात होती.

पाय लुळे असलेल्या मुलाला आधी कडेवर आणि वाढल्यावर पाठुंगळी घ्यावे लागे. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे ओझे पाठीवर, त्याचे हात गळ्याभोवती आणि त्यातच अंगात ताप, असा तो प्रवास असे. अशा मुलाबद्दल समाजाच्या तोंडी ‘बिचारा’ हा एकच शब्द होता. ज्यांच्या खांद्यावर त्याची हनुवटी टेकलेली असे, त्यांच्या मनात दयेहून वेगळे काही असे, आणि त्यासाठी मराठीत ‘कौतुक’ हा नेमका शब्द आहे. कौतुकात माया आणि थोरवीची कबुली दोन्ही येतात. सुई टोचताना न रडणारे, उलट आईचेच डोळे पुसणारे मूल पाहून आईबापांना जे वाटते ते हेच, आणि ही भावना दुय्यम मानणे हा इतिहासलेखनातला मोठा दोष होय.

या कौतुकातून संस्था कशी उभी राहते, याचा ठळक दाखला मुंबईत मिळतो. स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्त्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. पोलिओ म्हणजे मज्जारज्जूतील पेशींवर हल्ला करून स्नायू निकामी करणारा विषाणूजन्य रोग. मुलीच्या उपचारांसाठी त्यांनी मद्रासच्या अस्थिरोगतज्ज्ञांपर्यंत धाव घेतली, आणि १९४७ साली शल्यचिकित्सक डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने मुंबईत अशाच इतर मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. पुढे हाजी अली येथील मुलांचे अस्थिरुग्णालय त्याच कार्यातून आकाराला आले. आपल्या मुलीची जिद्द जवळून पाहिलेल्या आईने परक्या मुलांतही तीच जिद्द ओळखली, असेच या कार्याचे मर्म मानावे लागते.

भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पोलिओ गेला, पण अपंगत्व आणि गंभीर आजार एकाच देहात वागवणारी मुले राहिलीच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, तर २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे विकारही त्यांत घेतले. आजार एकीकडे आणि अपंगत्व दुसरीकडे ही कागदावरची भिंत आईबापांना कधीच पटलेली नव्हती, आणि ती काही अंशी पाडायला कायद्याला इतकी वर्षे लागली.

त्याच छोट्या गाडीच्या वाटेवर, बार्शीत, डॉ. बी. एम. नेने यांच्या प्रयत्नांतून कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ पासून तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तिच्यामुळे खेड्यातल्या रुग्णाचे वय आणि निदान कागदावर आले. मुलाने दुखणे कसे सोसले, हे मात्र घरातल्या माणसांनाच ठाऊक असते. म्हणून मोडनिंब, माढा, कुर्डुवाडी परिसरातील ज्या घरांत पायाला आधार देणारा एखादा जुना कॅलिपर, कुबडी किंवा पिवळा पडलेला केसपेपर अजून असेल, त्यांनी तो अडगळ समजून टाकू नये आणि त्यामागची हकीकत जाणत्या माणसांकडून वेळीच लिहून घ्यावी.