मेरुरज्जू कोठे संपतो? एका ओळीच्या उत्तरामागचा इतिहास

वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कोठे संपतो? विद्यार्थी सांगतो, ‘कमरेच्या पहिल्या मणक्याच्या खालच्या कडेशी,’ आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर चुकीचे नाही. पण ते सरासरीचे उत्तर आहे. संपूर्ण निरोगी माणसांतही हे टोक दोन-तीन मणक्यांच्या पट्ट्यात वर-खाली आढळते. शरीररचनाशास्त्राला ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तिचा विसर पडला, तर त्याची किंमत मात्र रुग्णाला मोजावी लागते.

मुळात हे टोक इतके वर का असते, ते आधी पाहू. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत मेरुरज्जू पाठीच्या कण्याच्या पोकळीइतकाच लांब असतो. पुढे कणा झपाट्याने वाढतो आणि रज्जू मागे पडतो. त्यामुळे त्याचे टोक जणू वर सरकते. जन्माच्या वेळी ते साधारणपणे कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी असते आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत प्रौढांच्या पातळीला पोहोचते. टोकाखालच्या पोकळीत उरतो तो द्रवात तरंगणाऱ्या चेतातंतूंचा झुपका, म्हणजे ‘अश्वपुच्छ’. ही दोन वाढींमधील शर्यत प्रत्येक शरीरात अगदी एकाच ठिकाणी थांबावी, अशी अपेक्षाच अवाजवी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा प्रश्न विच्छेदनगृहापुरता होता. १८९१ मध्ये जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी जिवंत रुग्णाच्या कमरेतून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढण्याची पद्धत मांडली. सुईसाठी त्यांनी निवडलेली जागा कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधली होती. तेथे रज्जू नसतो आणि चेतातंतू सुईच्या टोकापासून बाजूला सरकू शकतात. १६ ऑगस्ट १८९८ रोजी कील येथे आउगुस्ट बीअर यांनी याच वाटेने कोकेन देऊन एका मजुराच्या घोट्याची शस्त्रक्रिया केली. काही दिवसांतच बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. बीअर यांच्या पाठीत सुई गेली, पण पिचकारी सुईला नीट न बसल्याने औषध वाया गेले. मग हिल्डेब्रांट यांची पाळी आली. त्यांच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले तरी त्यांना वेदना झाली नाही. ती दुसऱ्या दिवशी, डोकेदुखीसह, जाणवली. पाठीतून भूल देण्याचे युग सुरू झाले आणि रज्जूचे टोक नेमके कोठे आहे, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आला.

त्याचे उत्तर मोजणीतूनच मिळणार होते. ब्रिटन-आयर्लंडच्या शरीररचनाशास्त्र संस्थेच्या सामूहिक पाहणीचा अहवाल आर्थर थॉमसन यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत रोलो मॅककॉटर यांनी १९१६ मध्ये दोनशेहून अधिक देहांची नोंद मांडली. १९४४ मध्ये राइमन आणि अ‍ॅन्सन यांनी स्वतः तपासलेल्या १२९ देहांच्या जोडीला आधीच्या पाहण्या घेऊन सुमारे आठशे नोंदी एकत्र केल्या. चित्र स्पष्ट होते : बहुतेकांत टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या आसपास, पण काहींत छातीच्या बाराव्या मणक्यापाशी, तर काहींत कमरेच्या तिसऱ्यापर्यंत.

आपल्याकडील विद्यार्थी जे आकडे पाठ करीत होते ते असे परदेशी देहांवरून आले होते. म्हणूनच १९५९ मध्ये भारतीय शरीररचनाशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात जीत आणि चर्नालिया यांनी याच प्रश्नावर लिहिलेला निबंध महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्यांचे मोजमाप गृहीत न धरता आपल्या विच्छेदनगृहात पुन्हा मोजून पाहणे, हे वरवर सामान्य दिसणारे काम विज्ञानाच्या पायाचे असते.

पुढे एमआरआय आला आणि जिवंत माणसांत हे टोक दिसू लागले. १९९८ मध्ये सैफुद्दीन आणि सहकाऱ्यांनी ५०४ प्रौढांच्या प्रतिमा तपासल्या. सरासरी जागा पहिल्या कटिमणक्याच्या खालच्या तृतीयांशात, म्हणजे पाठ्यपुस्तकात लिहिलेलीच निघाली. पण विस्तार छातीच्या बाराव्या मणक्याच्या मध्यापासून कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या वरच्या भागापर्यंत होता. वय किंवा लिंग यांवरून कोणाचे टोक कोठे असेल, हे सांगता येत नव्हते.

आता दुसरी अनिश्चितता पाहू. सुई घालणाऱ्याला मणके दिसत नाहीत. तो ते बोटांनी चाचपून मोजतो. खूण म्हणून कमरेच्या दोन्ही हाडांच्या सर्वांत उंच कडा जोडणारी कल्पित रेषा वापरली जाते. फ्रेंच शल्यविशारद तुफिए यांच्या नावाने ती ओळखली जाते. ही रेषा चौथ्या मणक्यावरून किंवा त्याच्या खालच्या फटीवरून जाते, असे मानतात. २००० मध्ये ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी शंभर रुग्णांच्या पाठीवर खूण करून ती कोणत्या फटीवर आहे, असे भूलतज्ज्ञांना विचारले आणि उत्तर एमआरआयशी ताडून पाहिले. केवळ २९ टक्के उत्तरे बरोबर आली. ५१ टक्के वेळा खूण प्रत्यक्षात मानलेल्या जागेपेक्षा एक फट वर होती.

दोन चुका अशा एकाच दिशेने जुळल्या, की सुई रज्जूपर्यंत पोहोचते. २००१ मध्ये फेलिसिटी रेनल्ड्स यांनी अशा सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. सर्व स्त्रिया, त्यांतील सहा प्रसूतीच्या. सुई बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमध्ये घातली आहे, असे मानले गेले होते. प्रत्येकीला सुई शिरताना वेदना झाली होती. द्रव नीट वाहिला, भूलही बहुतेकींत चांगली चढली. पण नंतर पायाच्या एका बाजूची संवेदना गेली ती परतली नाही, आणि सहा जणींचे पाऊल लुळे पडले. एमआरआयमध्ये त्यांचा रज्जू नेहमीच्या लांबीचाच दिसला. लेखिकेचा निष्कर्ष असा, की तिसऱ्या मणक्याच्या वर सुई घालू नये, हा जुना नियम भूलतज्ज्ञांनी पुन्हा शिकावा. क्विंके यांनी ११० वर्षांपूर्वी निवडलेली जागा त्या नियमात बसणारीच होती.

अशी इजा अत्यंत दुर्मीळ आहे आणि पाठीतून दिलेली भूल सुरक्षित मानली जाते, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. पण आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला भूल पाठीतूनच दिली जाते. इतक्या मोठ्या संख्येत दुर्मीळ गोष्टही कोणाच्या तरी वाट्याला येते. म्हणून फट शक्य तितकी खालची निवडणे, शंका असल्यास सोनोग्राफीने मणके मोजणे आणि सुई शिरताना पायात कळ गेली तर रुग्णाने लगेच सांगणे व डॉक्टरांनी तेथेच थांबणे, या साध्या गोष्टींना मोल आहे.

तोंडी परीक्षेतील त्या प्रश्नाला म्हणूनच दोन वाक्यांचे उत्तर द्यावे. मेरुरज्जू सरासरीने कमरेच्या पहिल्या मणक्याच्या खालच्या भागात संपतो. समोरच्या रुग्णात तो कोठे संपतो, हे मात्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.