आजोबांचं ईएसआयचं कार्ड

गणपतीला कट्ट्याला घरी गेलो होतो. माटवीचं सामान काढायला माळ्यावर चढलो, तर आजोबांची मुंबईची पत्र्याची ट्रंक हाताला लागली. आत गिरणीचे जुने कागद आणि त्यात पिवळं पडलेलं ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं कार्ड. आजोबा लालबागला राहायचे, गिरणीत कामाला होते. साठच्या दशकात त्यांना टीबी झाला होता, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं आजीने सांगितलं. पॅनल डॉक्टरकडून औषधं मिळायची, उपचार दीडेक वर्ष चालले, आणि त्यातले कित्येक महिने कामावर न जाताही थोडेफार पैसे हातात यायचे. "त्या कार्डामुळे तुझो आजो जगलो," आजी म्हणाली.

हे वाक्य डोक्यातून जाईना, कारण गेल्या वर्षी बाबांच्या पायाचं एक बोट कापावं लागलं. बाबांना बारा वर्षांपासून डायबेटिस आहे. ऑपरेशन कोल्हापूरला झालं, माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून, अगदी कॅशलेस. पण त्याआधीच्या गोळ्या, रक्ताच्या आणि डोळ्यांच्या तपासण्या यातलं काहीच पॉलिसीत बसत नव्हतं. बाबा 'पुढच्या महिन्यात बघू' करत राहिले. मी हे समजावून सांगितल्यावर आजीने विचारलं, "म्हणजे काय रे झिला, गोळ्यांक पैशे नाय आणि बोट कापल्यावर देतत?"

मी चाट पडलो. मग दोन वीकेंड याच विषयाच्या मागे लागलो.

तर सुरुवात १९४३ पासून. त्या वर्षी सरकारने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे दिलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. मालक आणि कामगार दोघांनी पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरायची आणि बदल्यात औषधोपचार घ्यायचे, आजारी आहेस की नाहीस हे आधी न विचारता. शिवाय आजारपणात बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळायचा. टीबीसारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी पुढे मुदतही वाढवून मिळाली. ही यादी नंतर ३४ आजारांपर्यंत गेली: ९१ दिवसांचा नेहमीचा लाभ संपल्यावर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के. डायबेटिसमुळे डोळे, पाय किंवा किडनी बिघडली तर तेही त्या यादीत आहे!

ईएसआय म्हणजे स्वर्ग होता असं मुळीच नाही. रांगा, औषधांचा तुटवडा, डॉक्टरांची तुसडी वागणूक, हे सगळं आजीलाही आठवतं. पण आजार लांबतो, तेव्हा माणसाला औषधही लागतं आणि घरही चालवावं लागतं, हे त्या योजनेला कळलेलं होतं.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. नोकरी गेली की काही काळाने विमाही गेला. आपल्या कोकणातली किती घरं अशी गावी परतली हे वेगळं सांगायला नको. आजोबाही त्यातलेच.

त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ मध्ये, मेडिक्लेम आली. ती काढली सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी, म्हणजे आग, अपघात, जहाज बुडणं यांचा विमा उतरवणाऱ्यांनी. त्यामुळे आजारपणही त्यांनी आगीसारखंच पाहिलं. घटना घडली पाहिजे, किमान २४ तास दाखल झालं पाहिजे, मग बिल दाखवा. आधीपासून असलेला आजार वगळलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळं डिझाइन इव्हेंटवर आधारलेलं. पण डायबेटिस हा इव्हेंट नाही, ती बॅकग्राउंडला अखंड चालणारी प्रोसेस आहे. शिवाय पॉलिसी वर्षाची. आज कंपनीने बाबांच्या गोळ्यांवर खर्च केला तर त्याचा फायदा दहा वर्षांनी दिसणार, आणि तेव्हा गिऱ्हाईक दुसऱ्याच कंपनीकडे असेल. मग खर्च कोण करेल?

जर्मनीत हाच बग आला होता. तिथे आरोग्य विम्याचा कायदा १८८३ चा, बिस्मार्कच्या काळातला. १९९६ पासून लोकांना आपला विमा निधी निवडायची मोकळीक मिळाली, तसे सगळे निधी तरुण, धडधाकट गिऱ्हाइकांच्या मागे धावू लागले. मग २००२ मध्ये नियम बदलले. डायबेटिसच्या रुग्णाला ठरलेल्या कार्यक्रमात नोंदवणाऱ्या निधीला सामायिक फंडातून जादा पैसे मिळू लागले. कार्यक्रम साधाच: एक ठरलेला डॉक्टर, तीन किंवा सहा महिन्यांनी तपासणी, डोळे-पाय-किडनीवर लक्ष, रुग्णाला शिकवणी आणि तारीख चुकली की आठवण. दीर्घ आजाराचा माणूस निधीला नकोसा वाटायचा, तो आता परवडू लागला.

त्याच सुमारास आपल्याकडे टीपीए आले. त्यांनी बिलांची व्यवस्था लावली, आजाराची नाही.

असो. अगदीच काही बदललं नाही असंही नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर, म्हणजे सिंधुदुर्गातही आली. तीच आजची महात्मा फुले योजना. तिच्यात ९७१ उपचारांबरोबर १२१ फॉलोअप पॅकेजंही होती, म्हणजे ऑपरेशननंतरही माणसाला औषधपाणी लागतं हे मान्य झालं होतं. २०२४ मध्ये खाजगी पॉलिसींत आधीच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. पण दोन्हीकडे मुख्य दरवाजा अजून हॉस्पिटलचाच आहे.

बाबांसाठी मी सध्या एक एक्सेल शीट केलंय. एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, डोळे वर्षातून एकदा, पायाची पाहणी रोज रात्री. रिमाइंडर मला येतो आणि मी फोन करतो. जर्मनीत विमा करतो ते काम इथे मुलगा करतोय. ज्यांचा मुलगा एक्सेलवाला नाही, त्यांचं काय?

एचआरला मेल टाकलाय: पुढच्या रिन्यूअलला आईवडिलांच्या ओपीडी तपासण्या घालता येतील का? अजून उत्तर नाही. तुम्हीही आपापल्या ऑफिसात विचारून बघा. एकट्याने विचारलं तर ती चौकशी होते, पन्नास जणांनी विचारलं तर ती मागणी होते, हे गिरणीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.